मोकळ्या हवेतली बालवाडी: पालकांचे नेहमीचे प्रश्न

तीन ते सहा वर्षांच्या मुलांबरोबर मी बरीच वर्षं झाडाखाली, चिखलात आणि उन्हापावसात काम करते आहे. मुलाला पाठवायचं की नाही हे ठरवायला येणाऱ्या पालकांचा पहिला प्रश्न पावसाचा असतो, दुसरा सापाचा. "मुलाला आवडेल का?" हे सहसा कुणी विचारत नाही, कारण तोवर मूल डबक्यात उतरलेलं असतं.

मोकळ्या हवेतली बालवाडी म्हणजे नेमकं काय? सहल असते का रोज?

सहल नाही. सहलीला मूल नवीन जागा बघायला जातं. इथे ते रोज त्याच जागी येतं, आणि सगळी गंमत या 'त्याच'मध्ये आहे. काल फोडलेलं ढेकूळ आज पावसाने विरघळलेलं दिसतं, परवाच्या कळीचं आज फूल झालेलं असतं. काही बालवाड्या पूर्ण वेळ बाहेर असतात आणि आडोशाला फक्त एक छप्पर असतं. काहींकडे नेहमीची खोली असते, पण निम्म्याहून जास्त वेळ मुलं बाहेर असतात. जागा जंगलच हवी असंही नाही. जुनी बाग, ओढ्याकाठ, माळ, झाडं असलेलं मोठं आवार, काहीही चालतं. फरशी आणि रबराची गादी घातलेलं मैदान मात्र यात मोजू नका.

हे नवीन फॅड आहे का?

फॅड म्हणावं तर बरंच जुनं आहे. फ्रीड्रिश फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांची शाळा काढली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव दिलं. त्यातली 'बाग' नुसती उपमा नव्हती, मुलांना लावायला खरोखरचे वाफे होते. पुढे बालवाड्या जगभर पसरल्या, नाव राहिलं आणि बाग तेवढी गळून पडली.

मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या बहिणींनी लंडनच्या डेप्टफर्ड भागात 1914 मध्ये मोकळ्या हवेतली बालवाडी सुरू केली. त्यांचा हेतू अगदी रोखठोक होता: कोंदट घरांत आजारी पडणाऱ्या गरीब मुलांना हवा, ऊन, अंघोळ आणि जेवण मिळावं. डेन्मार्कमध्ये 1950 च्या दशकात एला फ्लाताउ आपल्या आणि शेजारच्या मुलांना घेऊन रोज जंगलात जायच्या, त्यातून तिथली रानातली बालवाडी उभी राहिली. जर्मनीत 1968 मध्ये वीसबाडेनला असाच एक खासगी प्रयत्न झाला. सरकारी मान्यता मिळाली ती 1993 मध्ये, फ्लेन्सबुर्गच्या बालवाडीला. आज त्या देशात अशा बालवाड्या हजाराच्या वर आहेत.

पण मुलं तासन् तास बाहेर करतात तरी काय? खेळणी तर नसतात.

खेळणी नसतात म्हणूनच करतात. एक प्रसंग सांगते.

आवारात एक ओंडका पडला होता, साधारण मुलांच्या छातीएवढ्या लांबीचा. साडेतीन वर्षांच्या एका मुलीला तो ओढ्याच्या पलीकडे न्यायचा होता. का, ते तिने सांगितलं नाही. तिने ढकलला, हलला नाही. त्यावर बसली. मग दुसऱ्या टोकाला जाऊन ओढून पाहिला. शेवटी एका मुलाला हाक मारली, "ए, इकडे धर." दोघांनी उचलायला पाहिलं, तेही जमेना. तेवढ्यात त्या मुलाचा धक्का लागला आणि ओंडका अर्धा फूट गडगडला. दोघंही गप्प झाले आणि एकमेकांकडे बघायला लागले. त्यानंतर वीस मिनिटं ओंडका गडगडत नेणं चालू होतं. मध्ये दगड आला की काढायचा, उतारावर सुटला की ओरडायचं. ओढ्यापाशी पोचल्यावर मुलीने सांगितलं, "आता इथेच राहू दे."

त्या वीस मिनिटांत भाषा होती, भौतिकशास्त्र होतं, जोर लावणं होतं, हार मानून पुन्हा उठणं होतं. मी एक शब्द बोलले नाही, आणि खरं सांगायचं तर न बोलणं मला ओंडक्याहून जड गेलं.

सायमन निकल्सन या ब्रिटिश कलाकाराने 1971 मध्ये 'सुट्या वस्तूं'बद्दल लिहिलं होतं: परिसरात हलवता, जोडता, मोडता येतील अशा जितक्या वस्तू, तितकी मुलांची कल्पकता आणि शोधाची शक्यता जास्त. घसरगुंडीचं एकच काम असतं. काठी मात्र सकाळी घोडा असते, मग माप, मग पातेलं ढवळायचा पळा, आणि शेवटी भांडणाचं कारण.

शरीराला नेमका काय फायदा होतो?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसात किमान 180 मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली किमान 60 मिनिटं दम लागेल अशी असावीत, असं त्यांत म्हटलं आहे. खोलीत हे तीन तास भरायचे म्हणजे मोठ्यांनाच नाचावं लागतं. बाहेर ते आपोआप भरतात.

दुसरी गोष्ट जमिनीची. सपाट फरशीवर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं. मुळं, उतार, वाळू, ओली पानं यांवर प्रत्येक पाऊल वेगळं, म्हणून तोल सांभाळायचं काम सतत चालू असतं. नॉर्वेत पाच ते सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला. एका गटातली मुलं रोज तास-दोन तास बालवाडीला लागून असलेल्या जंगलात खेळत होती, दुसऱ्या गटातली नेहमीच्या मैदानावर. नऊ महिन्यांनी जंगलातल्या मुलांचा तोल आणि हातापायांचा मेळ सरस दिसला.

भूक आणि झोप सुधारते हे वेगळं सांगायला नको. पालक दुसऱ्याच आठवड्यात येऊन सांगतात.

डोळ्यांचा नंबर लागत नाही, हे खरं का?

'लागत नाही' असं नाही, 'लागण्याची शक्यता कमी होते' असं म्हणा. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांमधल्या सहा-सात वर्षांच्या मुलांवर मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2015 मध्ये आले. निम्म्या शाळांमध्ये रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढली गेली. तीन वर्षांनी त्या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना लांबचं अंधुक दिसायला लागलं होतं, तर नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांमध्ये हेच प्रमाण 39.5 टक्के होतं. औषध नाही, उपकरण नाही, फक्त 40 मिनिटं.

कारण मुख्यतः उजेडाचं आहे. चांगला प्रकाश असलेल्या खोलीत 300 ते 500 लक्स (लक्स हे उजेडाचं माप) असतात. बाहेर सावलीतही हजारोंनी असतात आणि भर उन्हात आकडा लाखापर्यंत जातो. तेजस्वी उजेडात डोळ्याच्या पडद्यातून डोपामिन हे रसायन जास्त स्रवतं आणि डोळ्याचा गोल वाजवीपेक्षा लांब वाढायला आळा बसतो, असं मानलं जातं. म्हणजे सावलीत बसलं तरी फायदा मिळतो, सूर्याकडे बघायचं नाही आणि भाजून घ्यायचं नाही. एकदा लागलेला नंबर मात्र बाहेर खेळून उतरत नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

मातीत खेळून सारखं आजारी नाही का पडणार?

सर्दी-खोकला मातीतून येत नाही, दुसऱ्या मुलाच्या नाकातून येतो. बंद खोलीत हवा तीच ती फिरते, बाहेर ती विरून जाते.

मातीतले सगळेच जंतू शत्रू नसतात. फिनलंडमध्ये 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पाळणाघरांच्या रेताड अंगणात जंगलातल्या जमिनीचा थर आणि हिरवळ अंथरली, लावायला रोपं दिली. दहा पाळणाघरं आणि तीन ते पाच वर्षांची 75 मुलं होती. फक्त 28 दिवसांत, जिथे हिरवं अंगण केलं तिथल्या मुलांच्या त्वचेवरच्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तात प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या घटकांमध्ये चांगले बदल दिसले. यावरून 'मातीत खेळणाऱ्याला दमा होत नाही' असा निष्कर्ष काढणं ही उडी झाली. पण 'माती म्हणजे घाण' हे समीकरण चुकीचं आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं.

स्वच्छतेत आम्ही कडक आहोत. खाण्याआधी आणि लघवीनंतर साबण-पाण्यानेच हात धुवायचे. सॅनिटायझर चिखलाच्या हातांवर नीट काम करत नाही, बाटली घेऊन येऊ नका. कुत्र्या-मांजरांच्या विष्ठेसाठी जागा रोज सकाळी बघून घेतो आणि वाळूचा हौद रात्री झाकतो. धनुर्वाताची लस वेळेवर दिलेली हवी. जंतांच्या औषधाबद्दल तुमच्या डॉक्टरांना विचारा.

पाऊस, थंडी, ऊन?

पावसात जातो. थंडीत जातो. उन्हाबाबत सावध असतो, कारण भिजलेलं मूल कोरडं करता येतं, उन्हाने तापलेल्या मुलाची मात्र तब्येत झपाट्याने बिघडते. लहान मूल मोठ्यांपेक्षा लवकर तापतं आणि तहान लागल्याचं वेळेत सांगत नाही. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर सुरुवात, गर्द सावली, डोक्याला टोपी आणि दर थोड्या वेळाने पाणी, मागितलं नाही तरी. अतिनील किरणांचा निर्देशांक (त्यांची तीव्रता सांगणारा आकडा) 3 किंवा वर असला की संरक्षण हवंच.

थंडीत एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले, म्हणजे धावून गरम झालं की एक काढता येतो. अंगाला लागून सुती कपडा नको, घामाने ओला झाला की तोच गारठवतो.

मग आत कधी येतो? वीज दिसल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला की ताबडतोब पक्क्या इमारतीत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबून मगच बाहेर. झाडाखाली आडोसा घ्यायचा नाही. जोराचा वारा सुटला की झाडांपासून दूर. हवा फार प्रदूषित असली तरी आत, हे पालकांच्या लक्षात सहसा येत नाही कारण ते डोळ्यांना दिसत नाही.

पडलं, लागलं तर?

लागतं. ढोपरं फुटतात, टेंगूळ येतं, काटा रुततो. हे लपवून प्रवेश देणाऱ्या बालवाडीत मूल घालू नका.

आम्ही दोन गोष्टी वेगळ्या धरतो. मुलाला दिसत नाही आणि तोलून बघता येत नाही तो धोका: सडलेली फांदी, गवतात लपलेली काच, झाकण नसलेला खड्डा. तो मोठ्यांनी आधीच काढायचा. मुलाला दिसते आणि घ्यायची की नाही हे ज्याचं त्याला ठरवता येतं ती जोखीम: या दगडावर चढू का? ती काढून घेतली तर मूल शिकणार कशावर? नॉर्वेच्या संशोधक एलेन सॅन्डसेटर यांनी 2007 मध्ये मुलांच्या अशा खेळाचे सहा प्रकार मांडले: उंची, वेग, धारदार अवजारं, पाणी किंवा विस्तवाजवळचा खेळ, झोंबाझोंबी, आणि मोठ्यांच्या नजरेआड जाणं. आपलं बालपण आठवून पाहा, सहाही सापडतील.

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या दिवसांत, दुसऱ्या एका ठिकाणी, चार वर्षांचा एक मुलगा फांदीकडे बघून रोज मागे लागायचा, "ताई, वर ठेव ना." एके दिवशी मी ठेवला. तो वर बसला, हसला, आणि मग खाली बघितल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. चढून गेलाच नव्हता, त्यामुळे उतरायची वाट त्याच्या पायांना माहीतच नव्हती. मी काढेपर्यंत फांदीला मिठी मारून रडत होता. तेव्हापासूनचा नियम: स्वतः चढता येईल तिथेच चढायचं, ताई वर ठेवणार नाही. त्याला पुढे स्वतःहून चढायला दोन महिने लागले. उतरताना मात्र त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आम्ही "सांभाळ!" असं ओरडत नाही. त्याने मूल दचकतं आणि करायचं काय ते कळत नाही. त्याऐवजी "आता पाय कुठे ठेवशील?" किंवा "ती फांदी हलतेय का बघ" असं म्हणतो. काठी घेऊन पळायचं नाही, आणि लांब काठी दोघांनी दोन टोकांना धरायची.

साप, विंचू, किडे?

मुलं यायच्या आधी एक ताई काठीने जागा झोडपून घेते. पायात बंद बूट. दगडाखाली, बिळात, पानांच्या ढिगात हात घालायचा नाही, आधी काठीने हलवायचं. साप दिसला की थांबायचं, हळूच मागे यायचं आणि ताईला हाक मारायची. हे आम्ही दोरीचा तुकडा टाकून खेळासारखं शिकवतो. जवळचं रुग्णालय कुठलं आणि तिथे काय उपचार मिळतात हे आम्हाला पाठ असतं. घरी गेल्यावर कानामागे, काखेत, जांघेत गोचीड नाही ना हे तुम्ही बघा. विचारल्याशिवाय कुठलंही फळ, पान, बी तोंडात घालायचं नाही, याला मात्र अपवाद नाही.

पुढे शाळेत मागे पडेल का? अक्षरं, अंक कधी शिकवता?

पाटीवर गिरवून घेत नाही. पण मोजल्याशिवाय बिया सारख्या वाटता येत नाहीत, आणि "माझ्याकडे कमी का?" हा गणिताचा सर्वांत प्रामाणिक प्रश्न आहे. लिहिण्याबद्दल सांगायचं तर पेन्सिल बोटं धरतात, पण तिला आधार खांदा आणि मनगट देतात. ते लोंबकळून, खणून, पिळून, ओढून तयार होतात.

एकाग्रतेबद्दल अमेरिकेत 2009 मध्ये एक अभ्यास झाला. अतिचंचलतेचं निदान झालेली 7 ते 12 वर्षांची मुलं बागेत 20 मिनिटं चालून आल्यावर, गजबजलेल्या रस्त्यावर किंवा वस्तीत चालून आल्यापेक्षा जास्त लक्ष देऊ शकली. अभ्यास फक्त 17 मुलांचा होता, तेव्हा त्यावर मनोरे रचू नका. शिवाय अशी बालवाडी निवडणारे पालक घरीही बरंच वेगळं करत असतात, त्यामुळे 'आमची मुलं जास्त हुशार' असं सांगणाऱ्या जाहिराती मी बाजूला ठेवते.

आमचं मूल फार लाजरं आहे. / आमचं मूल एका जागी बसतच नाही.

दोघांनाही जागा मिळते, हाच फायदा. खोलीत लाजऱ्या मुलाला लपायला कोपरा नसतो आणि चंचल मुलाला पळायला भिंत आडवी येते. बाहेर एक झुडपामागून तीन आठवडे नुसतं बघत बसतं आणि मग आपणहून येतं, दुसरं मनसोक्त धावून आल्यावर गोगलगाईपुढे दहा मिनिटं पालथं पडून राहतं. गर्दी आणि आवाज कमी झाला की ढकलाढकलीही कमी होते, हा माझा रोजचा अनुभव आहे.

चालायला, ऐकायला किंवा बघायला अडचण असलेलं मूल?

येऊ शकतं, पण "बघू, जमेल" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. चाकाची खुर्ची कुठवर जाते, आवाज नको झाला तर मूल कुठे जाईल, बरोबर कोण असेल, हे जागेवर जाऊन ठरवा.

शी-शू आणि झोप?

आडोशाला संडास आहे, हात धुवायला पाणी आहे. झोप आली की सावलीत चटईवर. वाऱ्याची झुळूक असली की आत झोपवण्यापेक्षा लवकर झोपतात.

बालवाडी निवडताना काय बघू?

चांगल्या हवेच्या दिवशी जाऊ नका, रिमझिम असताना जा. ताया स्वतः कोरड्या कोपऱ्यात उभ्या आहेत की मुलांमध्ये आहेत ते बघा. एका ताईकडे किती मुलं आहेत, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कोणी घेतलं आहे, गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी आत थांबलात आणि का, हे विचारा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "आम्ही कधीच आत थांबत नाही" असं आलं तर नमस्कार करून निघा. दहा मिनिटं उभं राहून 'नको', 'नाही', 'खाली ये' किती वेळा कानावर पडतं ते मोजा.

आमच्या जवळ अशी बालवाडी नाही. मग?

एक झाड निवडा. रोज तेच, जमेल तर त्याच वेळेला. अर्धा तास पुरे. फोन पिशवीत ठेवा, खेळणं नेऊ नका, "हे बघ, ते बघ" करू नका. पहिले चार दिवस मूल "कंटाळा आला" म्हणेल. तुम्ही बसून राहा. पाचव्या-सहाव्या दिवशी ते मुंग्यांच्या रांगेत काडी आडवी ठेवेल आणि तुम्हाला विसरून जाईल.

कपडे इतके मळून येतात, काय करावं?

ओला चिखल चोळू नका, डाग आत जातो. सुकू द्या, झटका, ब्रशने खरवडा, मग धुवा. दुसरा जोड आणि जादा मोजे रोज दप्तरात हवेत, नवे कपडे घालून पाठवू नका. आणि यंत्रात टाकण्याआधी खिसे उलटे करा. दगड निघतील, शेंगा निघतील, आणि एखाद्या दिवशी काहीतरी चालत बाहेर येईल.